लेबर ब्युरोचा महागाई निर्देशांक: शाळेच्या जुन्या जमाखर्चाला लावून पाहिला

गावच्या शाळेचे, देवळाचे, वाचनालयाचे जुने हिशेब ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तेव्हाचे इतके रुपये म्हणजे आजचे किती? या प्रश्नाचं नीट उत्तर देणारी एक सेवा आहे. ती सरकारी आहे, फुकट आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, म्हणजे एका ठरावीक वर्षाचे भाव १०० धरले तर आताचे किती, तो आकडा. केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ज्याच्यावर ठरतो, तोच हा. आमच्या शाळेच्या जुन्या अंदाजपत्रकांवर मी तो पानोपानी लावून पाहिला. कुठे उपयोगी पडला, कुठे कमी पडला, ते सविस्तर सांगते.

देवगड तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. शाळा चालवणाऱ्या संस्थेची मी खजिनदार आहे. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं पतसंस्थेत हिशेब सांभाळण्यात गेली. शाळेच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरलं तेव्हा जुन्या कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), खतावण्या (खातेवार वह्या) आणि इतिवृत्तं माझ्याकडे आली. त्याच सुमारास दोन नव्या खोल्यांचं बावीस लाखांचं अंदाजपत्रक सभेपुढे होतं. १९७०-७१ साली बांधलेल्या दोन खोल्यांचा खर्च खतावणीत ७,४०० रुपये लिहिलेला आहे. तो मी वाचून दाखवला आणि एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "सात हजारात दोन खोले उबे रवले. आता बावीस लाख कित्याक होये?" मुंबई मंडळाचे तरुण सभासदही त्यांच्याच बाजूने बोलू लागले. जुना आकडा नुसता वाचून दाखवला की तो आजच्या माणसांवर संशय घेतो, आणि जुन्या माणसांचे कष्टही लहान करून टाकतो. दोन्ही गोष्टी मला सहन होण्यासारख्या नव्हत्या.

आधी पर्याय काय काय आहेत ते सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच थांबतात. इंटरनेटवर महागाईची गणकयंत्रं भरपूर आहेत. त्यातली बरीच गुंतवणुकीचा धंदा करणाऱ्यांनी बनवलेली आहेत. ती तुम्हालाच विचारतात, "महागाईचा दर किती धरू?" अहो, तोच तर आम्हाला हवा आहे! ही यंत्रं पुढचा अंदाज बांधायला आहेत, मुलीच्या शिक्षणाला पंधरा वर्षांनी किती लागतील वगैरे. मागे जायला ती निरुपयोगी. १९७०-७१ ते २०२४-२५ ही चोपन्न वर्षं ६ टक्क्यांनी चढवली तर रुपयाचे सव्वातेवीस होतात. ८ टक्क्यांनी चढवली तर जवळपास चौसष्ट. एका खोक्यात सहाच्या जागी आठ टाकले की आजोबांची देणगी अडीच पटीहून जास्त मोठी होते. अशा यंत्रातून निघालेला आकडा पुस्तिकेत छापायला मी तयार नव्हते.

दुसरा पर्याय आमच्या करसल्लागारांनी सुचवला: आयकराचा खर्च महागाई निर्देशांक. जमीन-घर विकताना वापरतात तो. २००१-०२ साली १००, २०२४-२५ साली ३६३. तक्ता छोटा, सुटसुटीत, दर वर्षाला एक आकडा. पण तो या कामासाठी नाही. कायद्यातच लिहिलं आहे की शहरी ग्राहक किंमतींत सरासरी जी वाढ झाली तिच्या ७५ टक्केच यात धरायची. कराच्या सवलतीपुरता तो ठीक आहे. इतिहास लिहायला घेतलात तर प्रत्येक जुना आकडा बारीक दिसेल. २००१-०२ मधले एक लाख या तक्त्याने ३ लाख ६३ हजार होतात. कामगारांच्या निर्देशांकाने तेच एक लाख ४ लाख ११ हजारांच्या घरात जातात. लाखामागे ४८ हजारांचा फरक. शिवाय हा तक्ता २००१-०२ च्या मागे जात नाही. त्याआधीचा, १९८१-८२ = १०० चा तक्ता वेगळा.

सांख्यिकी मंत्रालयाचा ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असा निर्देशांक आहे, बातम्यांत महागाईचा दर म्हणून सांगतात तो. व्याप्तीने तो सगळ्यांत मोठा, पण त्या मालिकेची सुरुवात २०११ ची. आमच्या कीर्दी त्याच्या कितीतरी आधीच्या.

म्हणून लेबर ब्युरो. १९६० पासून आजपर्यंत, महिन्यामहिन्याने, अखंड साखळी. या साखळीत चार मालिका आहेत: १९६० = १००, १९८२ = १००, २००१ = १०० आणि २०१६ = १००. दर काही वर्षांनी कामगार कुटुंबांच्या खर्चाची नव्याने पाहणी होते, टोपलीतल्या, म्हणजे ज्यांचे भाव मोजायचे त्या, वस्तू बदलतात, मालिका नवी सुरू होते. १९६० च्या मालिकेत ५० केंद्रांतले भाव घेत होते, आताच्या मालिकेत ८८ केंद्रांतले. नवी मालिका जुनीला जोडण्यासाठी ब्युरो स्वतः एक गुणक जाहीर करतं. अखिल भारतीय आकड्यांसाठी हे गुणक असे: २०१६ वरून २००१ वर जायला २.८८, तिथून १९८२ वर ४.६३, तिथून १९६० वर ४.९३. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळं काम त्यांच्यावर चालतं.

हिशेब करून दाखवते. २०२४-२५ च्या बारा महिन्यांची सरासरी २०१६ च्या मालिकेत १४२.६ येते. तिला २.८८ ने गुणलं की ४१०.७. त्याला ४.६३ ने गुणलं की १९०१.५. त्याला ४.९३ ने गुणलं की सुमारे ९,३७४. म्हणजे १९६० मध्ये जी टोपली १०० रुपयांना मिळत होती ती २०२४-२५ मध्ये ९,३७४ रुपयांची झाली. रुपयाचे जवळपास ९४. आता १९७०-७१ ची सरासरी १९६० च्या मालिकेत १८६ आहे. ९,३७४ भागिले १८६, उत्तर ५०.४. त्या वर्षाचा रुपया म्हणजे आताचे पन्नास. इतकंच गणित आहे. मोबाइलवरच्या गणकयंत्रात होतं. फक्त मधली एखादी कडी सुटू देऊ नका, नाहीतर उत्तर तिप्पट-पाचपटीने चुकतं आणि चुकलेलं कळतही नाही, कारण दोन्ही उत्तरं वाचायला सारखीच खरी वाटतात.

आता मुख्य गोष्ट. हा निर्देशांक लावल्यावर जे दिसलं ते खतावणी नुसती वाचून कधीच दिसलं नसतं. १९७३-७४ चं शाळेचं अंदाजपत्रक ५,२०० रुपयांचं आणि १९७४-७५ चं ५,९०० चं. इतिवृत्तात अध्यक्षांनी "यंदा खर्चात भरीव वाढ केली आहे" असं समाधानाने नोंदवलं आहे, आणि आजवर आम्हीही ते तसंच वाचत आलो. निर्देशांक बघा: १९७३-७४ ची सरासरी २५०, १९७४-७५ ची ३१७. एका वर्षात सव्वीस-सत्तावीस टक्क्यांची उडी. दुष्काळ नुकताच सरलेला, तेलाचे भाव भडकलेले, मे १९७४ मध्ये रेल्वेचा मोठा संप. आता गुणाकार करा. ५,२०० चे आजच्या भावाने १ लाख ९५ हजार होतात. ५,९०० चे होतात १ लाख ७४ हजार आणि वर थोडे. वाढलेलं अंदाजपत्रक खरं तर दहा टक्क्यांनी आटलं होतं.

मग मी सदरं एकेक करून तपासली. शिपायाच्या पगाराचं सदर त्या वर्षी कोरं आहे. खडू आणि शाईची रक्कम तेवढीच राहिली. इतिवृत्तात पुढच्याच पानावर एक ओळ आहे की वर्ग झाडण्याचं काम पाळीपाळीने मुलांनी करावं. ही ओळ मी आधीही वाचली होती आणि शिस्तीचा भाग म्हणून सोडून दिली होती. दोन आकड्यांच्या शेजारी आजची किंमत लिहिल्यावर ती ओळ का लिहिली गेली ते समजलं. त्या मंडळींनी शाळा बंद पडू दिली नाही, शिक्षकांचा पगार थांबवला नाही, आणि कुठेही रडगाणं नोंदवलं नाही. पुस्तिकेत या वर्षाला आम्ही पूर्ण पान दिलं आहे.

त्याच्या पुढचं वर्षही बघण्यासारखं. १९७५-७६ ला सरासरी ३१३ आणि १९७६-७७ ला ३०१. भाव उतरले! ठरावीक टक्क्यांनी चढवणाऱ्या कुठल्याही यंत्रात हे येणार नाही. तिथे रेषा नेहमी वरच जाते. आमच्या १९७६-७७ च्या खतावणीत शिपायाचं सदर पुन्हा भरलेलं आहे.

आता सेवा वापरताना काय काळजी घ्यावी लागते ते. पहिली गोष्ट निर्देशांकाच्या आधीची, कीर्द वाचण्याची. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, पण गावाकडच्या कीर्दीत आणे त्यानंतरही काही वर्षं चालू होते. आमच्याकडे १९६० सालची नोंद आहे, "रु. ४-१२-०". आजची मुलं हे ४ रुपये १२ पैसे वाचतात. ते ४ रुपये १२ आणे आहेत, म्हणजे पावणेपाच रुपये. ४.७५ ला ९३.७ ने गुणलं की ४४५ रुपये, ४.१२ ला गुणलं की ३८६. तेव्हा आधी आण्यांचे पैसे करा, सोळाने भागून, आणि मगच पुढे जा. जुन्या पानांवर पैही असते, रुपयाला १९२ पै.

दुसरी गोष्ट वर्षाची. आमच्या जुन्या चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतात आणि पुढच्या दिवाळीला संपतात. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. इथे ब्युरोचे महिनेवार आकडे फार कामाला येतात. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशी बारा महिन्यांची सरासरी स्वतः काढता येते. भाव स्थिर असताना फरक पडत नाही, पण १९७४ सारख्या सालात पडतो. जागतिक बँकेच्या तक्त्यातही भारताचे आकडे १९६० पासून मिळतात आणि पडताळणीला ते बरे आहेत, पण तिथे कॅलेंडर वर्षाचा एकच आकडा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि इथे कोकणातल्या हिशेबांना हा निर्देशांक विशेष जवळचा आहे. आमच्या शाळेच्या जमेच्या बाजूला काय आहे? मनीऑर्डरी. लालबाग, परळ, गिरगाव. गिरण्यांत आणि गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्यांनी पाठवलेले दोन रुपये, पाच रुपये. १९७०-७१ च्या पावतीपुस्तकात पाच-पाच रुपयांच्या पावत्या ओळीने आहेत. पाच रुपये म्हणजे आजचे २५२. ऐकायला फार मोठी रक्कम नाही. पण ज्या माणसाच्या टोपलीतले भाव मोजून हे २५२ काढले, तो माणूस देणगीदारच आहे! गिरणी कामगाराच्या घरखर्चावर बेतलेल्या मापाने गिरणी कामगाराची देणगी मोजली जाते आहे. याहून योग्य माप त्या पावतीला दुसरं मिळणार नाही.

या मापामागे त्या कामगारांचा झगडाही आहे. मुंबईत १९२१ साली लेबर ऑफिस सुरू झालं आणि मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ = १०० धरून काढू लागलं. पुढे महागाई भत्ता त्याच्याशी बांधला गेला, आणि निर्देशांकातला एक-एक अंक गिरणीतल्या माणसाच्या पगारात दिसायला लागला. १९६३ साली निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही म्हणून मुंबईच्या कामगारांनी आवाज उठवला, तेव्हा राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आपल्या गावातून गेलेली माणसं त्या गर्दीत असणारच. हा आकडा त्यांनी तपासून घेतलेला आहे, असं मला तो वापरताना वाटत राहतं.

मुंबई केंद्राचा स्वतंत्र निर्देशांकही मिळतो. तो वापरायचा तर एक लक्षात ठेवा, प्रत्येक केंद्राचे जोडणीचे गुणक वेगळे असतात. ४.६३ आणि ४.९३ हे अखिल भारतीय आहेत. ते मुंबईच्या आकड्यांना लावायचे नाहीत. पुस्तिकेत सगळीकडे एकच माप असावं म्हणून आम्ही अखिल भारतीय घेतलं.

खर्चाची बाजू मात्र गावातली. गडी, गवंडी, चिरे, कौलं, वासे. मुंबई-ठाणं सोडलं तर आपल्या किनारपट्टीवर या निर्देशांकाचं केंद्र नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बाजाराचे भाव त्यात नाहीत. गावातल्या मजुरांच्या घरखर्चाची तुलना करायची असेल तर ब्युरोचाच दुसरा निर्देशांक आहे, शेतमजुरांसाठीचा. त्यात महाराष्ट्राचा वेगळा आकडा मिळतो. आधी १९६०-६१, मग १९८६-८७ आणि आता २०१९ हे त्याचं पायाभूत वर्ष. मी काही पानं दोन्हींनी करून पाहिली. ज्यांची देवस्थानं किंवा सोसायट्या गावच्याच वर्गणीवर चालत आल्या आहेत, त्यांनी सरळ शेतमजुरांचाच घ्यावा.

बांधकामाला मात्र दोन्ही कमी पडतात, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. सभेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ७,४०० ला ५०.४ ने गुणलं की ३ लाख ७३ हजार. बावीस लाख नव्हेत! मग उरलेले अठरा लाख कुठले? ग्राहक निर्देशांक घरच्या टोपलीचा आहे: धान्य, कपडा, भाडं, दवाखाना, प्रवास. सिमेंट, सळई, वाळू आणि गवंड्याचा रोज हे त्याचं काम नव्हे. म्हणून मी खतावणीतला रोज वेगळा काढला. १९७०-७१ ला गवंडी ६ रुपये, पुरुष गडी अडीच, बाई दीड रुपया. निर्देशांकाने गवंड्याचे ३०२ होतात, गड्याचे १२६, बाईचे ७६. आज आमच्याकडे गवंडी हजाराच्या खाली येत नाही, गडी सहाशे घेतो, बाई चारशे. मजुरी महागाईच्या तिप्पट ते पाचपट पुढे गेली. गेली ते चांगलंच झालं. दीड रुपयात दिवसभर चिरे वाहणाऱ्या बाईचा संसार कसा चालत असेल, हे ७६ हा आकडा समोर आल्यावर मनात येतं.

आणि कितीतरी गोष्टी खतावणीत आलेल्याच नाहीत. इतिवृत्त सांगतं की चिरे सड्यावरच्या खाणीतून काढले ते श्रमदानाने. खाडीतून होडीने आणले, होडीवाल्याने भाडं घेतलं नाही. वाशांसाठी फणस आणि ऐन एका घराने दिले. वाळू खाडीची. आजच्या अंदाजपत्रकात यातली प्रत्येक गोष्ट विकत आहे, शिवाय स्लॅब आहे, वायरिंग आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. जे खर्चात कधी लिहिलंच गेलं नाही त्याला कुठलाही निर्देशांक आजच्या भावात आणू शकत नाही. बांधकामाची तुलना करायची असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची घ्यावी, तीत चिऱ्याचं बांधकाम घनमीटरला काय पडतं ते असतं, आणि जुनं मोजमाप तिच्यावर बसवावं. आमच्या अभियंत्यांनी तसं करून दिलं. जुन्या दोन खोल्या आजच्या दराने, श्रमदानाची मजुरी धरून, चौदा लाखांच्या पुढे गेल्या. सभेत हा कागद फिरवला आणि पुढच्या विषयाला हात घातला.

मोठ्या आकड्यांना हेच नियम लागू आहेत. कोकण रेल्वेचं घ्या. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी. आमच्याकडे गप्पांत लोक हा आकडा घेतात आणि थेट आजच्या रस्त्याच्या खर्चाशी ताडून बघतात. तो आजच्या भावात आणायचा तर कुठल्या सालचा म्हणून आणायचा? १९९०-९१ ची सरासरी १९८२ च्या मालिकेत १९३ आहे, १९९७-९८ ची ३६६. पहिल्या वर्षी खर्चलेला रुपया आज ९ रुपये ८५ पैशांचा, शेवटच्या वर्षीचा ५ रुपये २० पैशांचा. सगळा खर्च पहिल्या सालचा धरला तर शेवटच्या सालचा धरल्यापेक्षा उत्तर जवळपास दुप्पट फुगतं. ज्या वर्षी जितका खर्च झाला, त्या वर्षाच्या आकड्याने तितकाच चढवायचा आणि मग बेरीज करायची. बेरीज आधी आणि गुणाकार नंतर केला की चुकलंच. आमच्या शाळेची विहीर तीन वर्षं खणली जात होती, तिलाही हाच नियम लावला.

केंद्राच्या अंदाजपत्रकाच्या दिवशीही दरवर्षी हेच डोळ्यांवर येतं. स्वतंत्र भारताचं पहिलं अंदाजपत्रक षण्मुखम चेट्टींनी २६ नोव्हेंबर १९४७ ला मांडलं, खर्च सुमारे १९७ कोटी. आणि २०२५-२६ चं पन्नास लाख कोटींच्या वर. दोन आकडे शेजारी छापतात आणि वाचणारा थक्क होतो. ते पहिलं अंदाजपत्रक साडेसात महिन्यांचं होतं, १५ ऑगस्ट ते ३१ मार्च, हेही कोणी लिहीत नाही. देशाच्या आकड्यांसाठी तर नुसती महागाई काढूनही भागत नाही, लोकसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न दोन्ही धरावं लागतं.

सेवेविषयी आणखी काही. आकडे दर महिन्याच्या अखेरीस, मागच्या महिन्याचे, ठरल्याप्रमाणे येतात. नोंदणी नाही, पैसे नाहीत. हवा तो आकडा टाकला आणि उत्तर मिळालं, अशी सोय नाही. मालिका वेगवेगळ्या तक्त्यांत आहेत आणि जोडणी आपली आपल्याला करावी लागते. ज्यांनी आयुष्यभर ताळेबंद जुळवले त्यांना यात काही जड नाही. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांनी गावातल्या एखाद्या कॉमर्सच्या मुलाला बसवावं, एक्सेलमध्ये चार रकान्यांचं काम आहे. एक मर्यादा मनात ठेवावी: टोपली बदलत गेली आहे. खाण्यापिण्याचा वाटा २००१ च्या मालिकेत ४६.२ टक्के होता, २०१६ च्या मालिकेत ३९.१७. साठ वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या कुटुंबाचं जगणंच एक नाही. म्हणून ५०.४ वगैरे दशांश हिशेबात वापरा, पण छापताना "सुमारे पन्नास पट" असंच छापा. रुपया-पैशापर्यंत अचूकतेचा आव आणला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

कोणी घ्यावी ही सेवा? शाळा, देवस्थानं, वाचनालयं, मच्छीमार सोसायट्या, मुंबईतली ग्रामस्थ मंडळं, ज्यांच्याकडे १९६० नंतरचे हिशेब आहेत आणि जे लोकांपुढे ठेवायचे आहेत, त्या सगळ्यांनी. पाचपैकी साडेचार गुण मी देते. अर्धा गुण कमी केला तो मुंबई-ठाणं सोडून आपल्या किनाऱ्यावर एकही केंद्र नाही म्हणून. इथल्या मासळीचा भाव न धरता कोकणातल्या घराची महागाई मोजणं मला पटत नाही.

पुस्तिकेत आम्ही प्रत्येक रकमेला तीन रकाने दिले: मूळ आकडा जसा कीर्दीत आहे तसा, वर्ष, आणि २०२४-२५ च्या भावाने किंमत. मूळ आकडा कधीही गाळू नये, कारण दहा वर्षांनी आजची किंमत जुनी होईल आणि कोणीतरी पुन्हा हिशेब मांडेल. १९६० च्या आधीची पानं आणे-पैसह मूळ रूपातच ठेवली, शेजारी फक्त त्या सालचा तांदळाचा भाव दिला, आमच्याच कीर्दीतला. तळटीपेत तिन्ही गुणक, निर्देशांकाचं नाव आणि सरासरी कुठल्या महिन्यांची घेतली ते छापलं आहे. ज्यांना आपल्या संस्थेसाठी तसा तक्ता करायचा असेल त्यांनी आधी सगळ्या खतावण्यांचे फोटो काढून घ्या, पावसाळ्याच्या आत. आमच्या १९६६ च्या चोपडीची अर्धी पानं वाळवीने खाल्ली आहेत आणि त्या वर्षाच्या रकान्यात आम्हाला रेघ मारावी लागली.